जरा कळ काढा

(तालुक्यातल्या एका ग्रामीण कंपाउंडरच्या स्मरणार्थ कर्जतला दरवर्षी भरणाऱ्या व्याख्यानमालेतील व्याख्यान. बोलण्याच्या ओघातली पुनरुक्ती तेवढी छापताना काढली आहे.)



मी बसून बोलणार आहे, त्याबद्दल आधीच माफी मागते. उभं राहून तासभर बोलायची सवय मला ३६ वर्षांच्या मास्तरकीने लावली होती. दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात एका सकाळी ती सवय मोडली. आता माझ्या उजव्या खुब्यात धातूचा एक खिळा आहे आणि पाऊस येणार असला की हवामान खात्याच्या आधी तो मला कळवतो.

ज्यांच्या आठवणीसाठी आपण जमतो, त्या कंपाउंडरकाकांना इथल्या निम्म्या लोकांनी पाहिलेलं आहे. सायकल, कॅरिअरला बांधलेली पत्र्याची पेटी आणि लांब दांड्याची काळी छत्री. ती छत्री पावसासाठी जितकी उघडली गेली, त्याहून जास्त वेळा मोडक्या पायाला फळी म्हणून मिटून बांधली गेली. पण मला आज आठवतं ते त्यांचं रजिस्टर. सरकारी रजिस्टरात नाव, गाव, वय, तक्रार, औषध असे छापील रकाने असत. काकांनी प्रत्येक पानाच्या समासात पट्टी लावून पेन्सिलीने आणखी एक रकाना आखलेला असे. त्याचं नाव, ‘केव्हा लागलं’. शेजारी ‘केव्हा आला’. तपासणीला आलेल्या साहेबांनी एकदा विचारलं, हे कशाला? काका म्हणाले, “साहेब, काय औषध द्यायचं ते या दोन वेळांमधल्या फरकावरून ठरतं.” साहेबांनी शेरा लिहिला, ‘रजिस्टर छापील नमुन्यानुसारच ठेवावे’. काकांनी शेरा वाचला, सही केली आणि पुढच्या पानावर पट्टी लावली.

आज मला त्या एका रकान्याबद्दल बोलायचं आहे.

माझ्या पडण्याची गोष्ट तशी लहान आहे. सकाळी सहाला दहा मिनिटं कमी होती. रात्रभर पाऊस कोसळलेला. बंबात घालायला लाकडं आणावीत म्हणून मी मागच्या दाराने निघाले आणि शेवाळलेल्या पायरीवरून घसरले. सुपारी फुटावी तसा आवाज झाला, तो मी स्वतः ऐकला. पहिले काही क्षण काहीच दुखलं नाही. उलट, लुगडं चिखलात भरलं याचाच राग आला. मग उठायला गेले आणि कळ आली.

कळ. आपल्या भाषेतला हा शब्द मी आयुष्यभर शिकवला, पण त्या पायरीखाली पडल्यावर पहिल्यांदा तो मला समजला. ठणका वेगळा, सल वेगळी, चमक वेगळी. कळ येते आणि जाते, आणि ती पुन्हा येणार हे ठाऊक असल्यामुळे मधला वेळही तिचाच होतो. आणि हीच भाषा ‘थांब’ असं सांगायलाही तोच शब्द वापरते. ‘जरा कळ काढ, गाडी येतेय.’ दुखणं सोसणं आणि वाट पाहणं या दोन क्रिया मराठीने एकाच शब्दात बांधून टाकल्या आहेत. ज्या लोकांनी ही भाषा घडवली, त्यांना दोन्ही गोष्टी एकदमच वाट्याला येत असणार.

मोबाईल आत, चार्जिंगला लावलेला. अंतर पंधरा पावलांचं. हाका मारल्या, त्या पन्हळीच्या आवाजात बुडाल्या. शेजारच्या वैनी रोज सव्वासहाला दूध घेऊन येतात, म्हणजे पंचवीस मिनिटं काढायची होती. त्या पंचवीस मिनिटांत मी काय केलं? पाढे म्हटले. एकोणतीसच्या पाढ्याला अडखळले आणि मुलांना यावरून मारलेल्या छड्या आठवल्या. एक गोगलगाय माझ्या तोंडासमोरून भिंतीकडे निघाली होती. वैनी आल्या तेव्हा ती पोचली होती.

वैनींनी आधी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही, पावलांकडे पाहिलं. उजवं पाऊल बाहेरच्या बाजूला कलंडलेलं आणि तो पाय डाव्यापेक्षा आखूड दिसणारा. “बाई, मोडलाय. हलू नका,” एवढंच त्या म्हणाल्या. खुब्याचं हाड मोडल्याची ती अगदी पाठ्यपुस्तकातली खूण आहे, हे मला पुढे डॉक्टरांनी सांगितलं. तोवर आळीतली चार पोरं धावत आली होती. बाईंना चिखलातून उचलून कॉटवर घालावं, असं त्यांना वाटत होतं. एकाने तर पाय झटका देऊन बसवायची तयारी दाखवली. वैनींनी त्याला जे शब्द वापरले ते या व्यासपीठावर सांगता येणार नाहीत. त्यांनी दोन पायांच्या मधे गोधडीची घडी घातली आणि जुन्या लुगड्याच्या पट्ट्यांनी मोडका पाय धडधाकट पायाला बांधला. अंगावर आधी पांघरूण, मग प्लास्टिक. मधूनमधून पायाची बोटं हाताने चाचपून ती गरम आहेत ना, हे बघत राहिल्या. मी चहा मागितला. दिला नाही. “शस्त्रक्रिया करायची झाली तर पोट रिकामं लागतं,” म्हणाल्या. शास्त्र त्यांच्या बाजूचं आहे, मला मान्य आहे. त्या चहाचा राग मात्र अजून गेलेला नाही.

हे सगळं कुठे शिकलात, असं मी नंतर विचारलं. त्यांच्या वडिलांची मांडी झाडावरून पडून मोडली होती, तेव्हा काकांनी छत्रीचा दांडा लावून ती बांधली आणि सात वर्षांच्या या मुलीला कंदील धरायला सांगितलं. तिने फक्त उजेड धरला होता.

आणि रुग्णवाहिकेला फोन? आमच्याकडे रेंज वळणावरच्या चिंचेखाली येते. चौघांतला एक पोरगा तिथे पळाला. पलीकडून पत्ता विचारला गेला. आमच्या घरांना ना क्रमांक, ना गल्ली. आणि आमच्या वाडीच्या नावाची दुसरी वाडी नदीपलीकडेही आहे. गाडी आली तेव्हा मोरीवरून पाणी वाहत होतं. शेवटचं अंतर मी शाळेतून आणलेल्या जुन्या लाकडी फळ्यावर निजून पार केलं. ज्या फळ्यावर आयुष्यभर लिहिलं, त्याच्यावर स्वतः आडवं व्हायचा योग फार थोड्या शिक्षकांना येत असेल. फळा टणक आणि सरळ, म्हणून पाय हलला नाही. दवाखान्याच्या दारात पोचले तेव्हा साडेनऊ झाले होते. तिथून आपल्या भागात प्रत्येकाला पाठ असलेले दोन शब्द ऐकले, ‘पुढे न्या’. तो प्रवास वेगळा.

आता हिशेब पाहा. फोन लागला सहा चाळीसला. तिथून पुढे गाडीचं घड्याळ सुरू झालं. मी दारात आले तेव्हा दवाखान्याचं घड्याळ सुरू झालं. दोन्ही ठिकाणच्या कागदांवर वेळा अगदी बरोबर लिहिल्या होत्या, कोणीही खोटं लिहिलं नाही. फक्त पाच पन्नास ही वेळ कुठल्याच कागदावर नव्हती. माझी तीन तास चाळीस मिनिटांची सकाळ कागदावर तुकड्यातुकड्याने दिसत होती आणि तिचा पहिला तुकडा कोणाच्याच खात्यात पडला नव्हता. काकांच्या समासातला रकाना छापील नमुन्यात कधी आलाच नाही.

हा रकाना म्हणजे म्हाताऱ्या बाईचा हट्ट नव्हे, कारण शरीराचं घड्याळ फोन लागायची वाट बघत नाही. मांडीचं हाड मधोमध मोडलं, तर बाहेर थेंबही न दिसता एक ते दीड लिटर रक्त आतल्या आत साचू शकतं. मोठ्या माणसाच्या अंगात रक्त असतं पाचेक लिटर. मोडलेली टोकं जितकी हलतील, तितकं आतलं मांस फाटतं आणि रक्त वाढतं. म्हणून लुगड्याच्या त्या पट्ट्या हा नुसता दिलासा नव्हता, तो उपचार होता आणि डॉक्टर भेटण्याच्या तीन तास आधी तो सुरू झाला होता. वाट पाहण्याचा काळ रिकामा असतो, असं आपण धरून चालतो. खरं तर त्या वेळात बरंच काही घडत असतं. बरं किंवा वाईट, ते शेजारी कोण आहे यावर ठरतं.

अमेरिकेत बाल्टिमोरला आर. अ‍ॅडम्स काउली नावाचे शल्यविशारद होते. जबर जखमी माणसाचं भवितव्य पहिल्या तासाभरात ठरतं, हा विचार त्यांनी रुजवला आणि त्याला ‘गोल्डन अवर’ हे नाव मिळालं. तो तास बरोबर साठ मिनिटांचाच असतो असं नाही, पण विचार टिकला. आपल्या मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली, तेव्हा त्याची व्याख्याही आली. ती व्याख्या मी मुद्दाम वाचली. तो तास मोजायचा तो इजा झाल्यापासून. फोन लागल्यापासून नाही, गाडी निघाल्यापासूनही नाही. म्हणजे काकांचा रकाना कायद्याने मान्य केला म्हणायचा. फक्त तो कायदा रस्त्यावरच्या अपघाताचा आहे. पायरीवरून पडलेल्या, कौलं शाकारताना घसरलेल्या, विळ्याने हात कापलेल्या, चुलीवरचं आधण अंगावर सांडलेल्या माणसाला त्या व्याख्येत जागा नाही. घर हा अपघाताचा रस्ता मानलेला नाही.

आणि रस्त्यांची कर्जत-खालापूर या आपल्या दोन तालुक्यांना कमतरता नाही. १८६३ साली बोरघाटातून आगगाडी वर चढली, ती इथूनच. १९१५ साली खोपोलीच्या टाटांच्या वीजघरातून मुंबईला वीज गेली. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग खालापूर तालुका कापून जातो. चौकजवळच्या मोरबे धरणाचं पाणी नवी मुंबई पिते. म्हणजे माणसं, वीज, पाणी, सगळं आपल्यातून झपाट्याने जातं. कर्जत स्टेशनावरून मुंबईची लोकल आहे. फार्महाउसच्या फाटकापर्यंत काँक्रीट आहे. आणि त्याच फाटकाच्या भिंतीला वळसा घालून एक पायवाट वर जाते, तिच्या टोकाला ठाकरांची किंवा कातकऱ्यांची वाडी असते. तिथल्या माणसाने कळ काढायची, तर कुठवर?

तिथे गाडीऐवजी झोळी असते. झोळी म्हणजे काय, हे शहरातल्या श्रोत्यांसाठी नीट सांगते, कारण छायाचित्रात ती फार सुंदर दिसते. एक लांब, जाड बांबू. त्याला जाड चादर किंवा घोंगडी दोन टोकांना गाठ मारून टांगलेली. आत माणूस. पुढे दोन, मागे दोन. पण चार माणसांनी भागत नाही. चढउतारावर थोड्या थोड्या वेळाने खांदा बदलावा लागतो, म्हणजे आणखी चार. पुढे वाट दाखवायला बॅटरीवाला एक. ओढा आला तर दोघं आधी पाण्यात उतरून अंदाज घेतात. म्हणजे एका माणसाला खाली आणायला दहाएक माणसं. लावणीच्या दिवसांत, रात्री दोन वाजता, पावसात. वाडीत तेवढे धट्टेकट्टे पुरुष हजर असले तर. बरेचदा नसतात, आणि दिवाळीनंतर तर निम्मी वाडी वीटभट्टीवर गेलेली असते.

मोडक्या हाडाला झोळीसारखं वाईट वाहन नाही. कापडात शरीर मधे वाकतं; पाठीचा कणा असो की मांडी, जिथे मोडलं असेल तिथेच तो बाक पडतो. अडलेल्या बाईला झोळीत कुशीवर वळायला जागा नसते. हे वाडीतल्यांना ठाऊक नसतं असं समजू नका. ते बांबू लावतात, कारण दुसरं काही नाही. आपल्याकडे ‘खांदा देणं’ म्हटलं की तिरडी आठवते. या वाड्यांमध्ये जिवंत माणसालाही खांदा द्यावा लागतो, आणि कधी कधी त्याच बांबूवर, त्याच खांद्यांवर तो दुसऱ्या दिवशी परत येतो. अशा बातम्या दर पावसाळ्यात मराठी वर्तमानपत्रांत येतात. गाव बदलतं, छायाचित्र तेच राहतं.

या वाड्यांमधलं अंतर किलोमीटरमध्ये मोजून काही कळत नाही. ते खांद्यांत मोजावं लागतं.

१९ जुलै २०२३च्या रात्रीबद्दल बोलल्याशिवाय या तालुक्यांत हा विषय पुरा होऊच शकत नाही. इर्शाळगडाच्या कुशीतली इर्शाळवाडी. ठाकरांची ४८ कुटुंबं, २२८ माणसं. तीन दिवसांत ४९९ मिलिमीटर पाऊस पडलेला. रात्री साडेदहा-अकराच्या सुमाराला डोंगराचा तुकडा सुटला आणि झोपलेल्या घरांवर आला. दरडीचा धोका असलेल्या गावांच्या यादीत या वाडीचं नाव नव्हतं, हे नंतर विधानसभेतच सांगितलं गेलं. वाडीला रस्ता नव्हता. नानिवलीहून निसरड्या वाटेने तास-दीड तास चढायचं. खोपोलीचे यशवंती हायकर्स, आजूबाजूच्या गावांतली पोरं, द्रुतगती मार्गावर अपघात झाला की धावणारे कार्यकर्ते, पोलीस, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, सगळे चालत वर गेले. चढता चढता नवी मुंबई अग्निशमन दलातला एक जण हृदयविकाराने गेला. मुंबईत हेलिकॉप्टरं तयार होती, पण ढगांमुळे उडू शकली नाहीत. जेसीबी वर चढणार नव्हता. ज्या डोंगराने घरं गाडली, तो कुदळ-फावड्याने आणि हातांनी उपसावा लागला. २३ जुलैला शोध थांबवला, तेव्हा २७ मृतदेह हाती लागले होते आणि ५७ माणसं बेपत्ता म्हणून नोंदली गेली.

त्या रात्री काही माणसं आपापल्या घरात, आपापल्या अंथरुणात जखमी होऊन पडली होती आणि वाट पाहत होती. माझी पायरी आणि त्यांचा ढिगारा यांची तुलना करायची माझी हिंमत नाही. पण पंचवीस मिनिटं एकटीने पडून राहिल्यापासून मी त्या रात्रीचा विचार वेगळ्या तऱ्हेने करते. डोकं मोजत बसतं. कोणाला कळलं असेल? कोण निघालं असेल? आता कुठवर आले असतील?

१९४१ साली लंडनवर बॉम्ब पडत होते, तेव्हा एरिक बायवॉटर्स या डॉक्टरांनी एक विचित्र गोष्ट नोंदवली. कोसळलेल्या घराखाली काही तास हात-पाय दाबले गेलेली माणसं बाहेर काढली की बोलत, बरी वाटत आणि काही दिवसांनी मूत्रपिंड बंद पडून मरत. चिरडलेल्या स्नायूंतली द्रव्यं, दाब सुटल्यावर, रक्तात उतरत होती. माणूस किती तास दबलेला होता, हे ठाऊक असेल तर डॉक्टर आधीच सलाईन सुरू करून मूत्रपिंडं वाचवायचा प्रयत्न करू शकतो. म्हणजे इथेही प्रश्न तोच, केव्हा लागलं?

आणि कोणाला कळलं, हा प्रश्न तर त्याच्याही आधीचा. ३० जुलै २०१४ला पुणे जिल्ह्यातलं माळीण गाव गाडलं गेलं. गाव जागेवर नाही, हे बाहेरच्या जगात पहिल्यांदा कोणाच्या लक्षात आलं? नेहमीप्रमाणे गाडी घेऊन आलेल्या एसटीच्या ड्रायव्हरच्या. ज्या गावाला एसटी नाही, त्याची खबर कोण देणार?

इथवर ऐकून तुम्हाला वाटेल, बाई रस्त्याची मागणी करून बसतील. रस्ता हवाच. पण रस्ता मंजूर होऊन, वनखात्याची परवानगी येऊन, डांबर पडेपर्यंत माणसं पडतच राहणार. ‘प्रस्ताव पाठवलाय, जरा कळ काढा’ हे वाक्य काही वाड्यांनी तीन पिढ्या ऐकलं आहे. म्हणून मी विचारते, अंतर तेवढंच असताना वाट पाहण्याचा काळ कमी करता येतो का?

येतो. उदाहरण आपल्याच रायगड जिल्ह्यातलं आहे. १९७६ साली डॉ. हिम्मतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात तेव्हा लाल विंचू चावून माणसं मरत, मुलं जास्त. विंचवाची कळ तुम्हाला सांगायला नको. पण मरण कळेने येत नसे, ते हृदयावर ताण येऊन फुप्फुसांत पाणी भरल्याने येई. बावस्करांनी रुग्णाच्या खाटेशी बसून तासातासाने काय बदलतं याच्या नोंदी ठेवल्या. १९८२ साली त्या नोंदी ‘लॅन्सेट’मध्ये छापून आल्या. पुढे प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी त्यांनी यासाठी वापरली. ज्या गंभीर रुग्णांपैकी आधी शंभरातले तीस-चाळीस दगावत, त्यांतले बहुतेक वाचू लागले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे, की महाडचे डोंगर तेव्हा तसेच होते आणि गावापासून मोठ्या इस्पितळापर्यंतचं अंतरही तसंच. अंतर हललं नाही, उपचार अंतराच्या अलीकडे आला. गोळी आरोग्य केंद्रातल्या कपाटात ठेवता येते, तिला ना यंत्र लागतं ना शहर. आणि हे सुचलं कुठून? चावल्यापासून किती तास झाले, हे लिहून ठेवणाऱ्या माणसाच्या वहीतून.

दुसरं उदाहरण आपल्या तालुक्यातलं. माथेरान. तिथे मोटारीला बंदी आहे, तिथली शांतता आपण सगळे मिरवतो. पण त्या बंदीतही रुग्णवाहिकेला वाट ठेवलेली आहे. म्हणजे जिथे नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर आजारी माणूस होता, तिथे डोंगरावरही सोय सुचली. त्याच माथेरानच्या पायथ्याला आणि उतारांवर ज्या वाड्या आहेत, त्यांच्या बाबतीत तो माणूस कोणाच्या डोळ्यांसमोर नव्हता.

१०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात २०१४ साली सुरू झाली. राज्याला ९३७ गाड्या मिळाल्या. त्यांतल्या २३३ मोठ्या उपकरणांसकट. या गाड्यांनी किती जीव वाचवले, याला सीमा नाही आणि मी त्यांच्याविरुद्ध बोलायला बसलेली नाही. पण गाडी फक्त डांबर संपेपर्यंत येते. तिथून पुढचं, म्हणजे खरं तर तिथून अलीकडचं, सगळं वैनींवर सोडलेलं आहे. आणि वैनींना कोणी शिकवलेलं नाही. त्यांनी लहानपणी कंदील धरला, एवढंच.

तेव्हा माझ्या मागण्या फार थोड्या आहेत, आणि त्या सरकारइतक्याच तुमच्याकडेही आहेत.

वाडीत एक घडीचं, टणक स्ट्रेचर असावं. चार पट्टे, डोक्याच्या दोन बाजूंना उशा. मंडपाच्या एका दिवसाच्या भाड्यात बसेल इतकी त्याची किंमत. ते आशाताईच्या घरी किंवा शाळेत टांगून ठेवावं, कुलपात ठेवू नये. झोळी जाईल तिथे ते जातं आणि त्यात पाठ वाकत नाही.

दर मे महिन्यात, पाऊस सुरू व्हायच्या आत, वाडीतल्या दहा जणांना एक दुपार शिकवावं. रक्त कसं दाबून धरायचं, पाय कसा बांधायचा, भाजल्यावर शाई-टूथपेस्ट न लावता वीस मिनिटं थंड पाण्याची धार कशी धरायची, साप चावल्यावर करकचून बांधायचं का नाही. आणि सगळ्यांत अवघड धडा, कोणाला उचलायचं नाही ते. त्या दहांत निम्म्या बायका हव्यात, कारण दुपारी वाडीत त्याच असतात.

घरांना क्रमांक घालावेत, वाडीच्या नावापुढे जवळच्या मोठ्या गावाचं नाव लावावं आणि हा पत्ता दाराच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा. पलीकडच्या माणसाने विचारल्यावर घाबरलेलं पोर तो वाचून तरी दाखवेल. रंगाचा एक डबा पुरतो. मी आमच्या आळीत हे काम सुरू केलं आहे. काठी टेकत जाते, अक्षर अजून वळणदार आहे.

आणि चौथी मागणी काकांची. कुठल्याही दवाखान्याच्या, कुठल्याही गाडीच्या कागदावर पहिला रकाना ‘केव्हा लागलं’ हा असावा. हा आकडा वर्षाच्या शेवटी तालुक्याने जाहीर करावा. अमुक गाडी अमुक मिनिटांत पोचली, हे सांगू नका. माणूस पडल्यापासून त्याला पहिला जाणता हात लागेपर्यंत किती वेळ गेला, हे सांगा. तो हात वैनींचा असला तरी चालेल, तोही मोजा. मग कुठली वाडी किती कळ काढते आहे, ते सगळ्यांना दिसेल, आणि रस्त्याचा प्रस्ताव कुठला आधी घ्यायचा, यावर भांडायलाही काहीतरी हातात राहील.

शेवटी एक सांगते. इस्पितळातून घरी आल्यावर, चार महिन्यांनी, काकांच्या मुलाकडे गेले होते. त्यांनी ती जुनी रजिस्टरं जपून ठेवली आहेत. बरीचशी वाळवीने खाल्ली आहेत, पण समासातली पेन्सिल अजून वाचता येते. वैनींच्या वडिलांचं पान शोधून काढलं. झाडावरून पडले, मांडी. केव्हा लागलं, ‘दिवे लागायच्या वेळी’. केव्हा आला, याच्यापुढे काकांनी खोडून लिहिलं होतं, ‘मी गेलो. रात्री नऊ.’

शेवटच्या रजिस्टरात मागे कोरी पानं होती. मुलाची परवानगी घेऊन मी एका पानावर पट्टी लावली आणि माझं नाव लिहिलं. खुबा, उजवा. केव्हा लागलं, पाच पन्नास. केव्हा आला, या रकान्यात क्षणभर साडेनऊ लिहिणार होते. मग ‘वैनी आल्या, सव्वासहा’ असं लिहिलं.

पुढच्या ओळी कोऱ्या आहेत. रजिस्टर आज इथे टेबलावर ठेवलं आहे, बाजूला पेन्सिलही आहे. ज्यांना आपली वेळ आठवते, त्यांनी जाताना लिहून जावं.